रसायनांच्या सुरक्षा-चाचणीसाठी मानवी सेल लाइन कशी निवडावी: पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमचं गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. घरची कपाशी. जुलै ते ऑक्टोबर घरात औषधाचा वास असायचा. वडील (आम्ही त्यांना दादाच म्हणतो) तोंडाला उपरणं बांधून फवारायला जायचे आणि संध्याकाळी पाठीवरचा बनियन ओला असायचा, कारण पंपाचं झाकण गळायचं. पाठ चुरचुरते, डोळे जळतात, मळमळतं, एवढंच ते सांगायचे. पीएचडीला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही: ही औषधं माणसाच्या पेशींवर नेमकं काय करतात?

विषय बरोबर होता, पण पेशी चुकली. (सेल लाइन म्हणजे एकाच मूळ नमुन्यातून घेतलेल्या आणि प्रयोगशाळेत वाढतच राहणाऱ्या पेशी.) यकृताच्या म्हणून घेतलेल्या पेशींवर सात महिने काम केलं आणि त्या यकृताच्या नव्हत्याच असं नंतर कळलं. मराठवाड्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत सेल कल्चरची, म्हणजे पेशी वाढवायची, खोली एखादीच असते, तिथं शिकवणारे हात त्याहून कमी असतात, आणि ‘जी पेशी फ्लास्कमध्ये आहे ती वापर’ असाच सल्ला मिळतो. तुमचे महिने वाचावेत म्हणून मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते आहे.

१. पेशीच्या आधी प्रश्न लिहा

वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा. कोणतं रसायन? शरीरात कुठून शिरतं? कुठल्या अवयवाला पोचतं? तिथं काय बिघडवतं? या चार ओळी लिहिता येत नसतील तर पेशी मागवू नका.

फवारणीचंच उदाहरण घ्या. अंगावर सांडलेलं औषध आधी कातडीला लागतं, तुषार नाकातून फुप्फुसात जातात, रक्तातून यकृतात पोचतात आणि ऑर्गनोफॉस्फेट गटातलं औषध असेल तर खरा घाव मज्जातंतूंच्या एन्झाइमवर पडतो. म्हणजे एकाच बाटलीबद्दल चार वेगळे प्रश्न झाले, आणि चारही प्रश्नांची पेशी वेगळी.

आपल्याकडे एक चूक वारंवार होते. वनस्पतीच्या अर्काची ‘कर्करोगविरोधी क्रिया’ तपासायला विभागात एमसीएफ-७ आणलेली असते. ती स्तनाच्या कर्करोगाची पेशी आहे. विषय बदलतो, विद्यार्थी बदलतो, पण पेशी तीच राहते आणि तिच्यावरच कीटकनाशकाची सुरक्षा तपासली जाते. एमसीएफ-७ मध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे ग्राही (त्याला ओळखून पकडणारी प्रथिनं) आहेत, म्हणून एखादं रसायन स्त्री-संप्रेरकासारखं वागतं का हे विचारायला ती उत्तम. पाठीची कातडी का चुरचुरते हे मात्र ती सांगू शकत नाही.

२. अवयवाप्रमाणे पेशी: कोण काय सांगू शकतं

यकृत. सगळ्यात जास्त वापरली जाते ती हेप-जी२. अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या यकृताच्या गाठीतून ती १९७० च्या दशकात वेगळी केली गेली. वाढवायला सोपी, स्वस्त, आणि तिचा पी-५३ हा पहारेकरी जनुक शाबूत आहे. तिचा मोठा दोष म्हणजे रसायनांचं रूपांतर करणारी सायटोक्रोम पी-४५० एन्झाइमं तिच्यात फार कमी असतात. खऱ्या यकृताचं मुख्य काम तेच असल्यामुळे हा दोष लहान समजू नका. हेपाआरजी या लाइनमध्ये ही एन्झाइमं बऱ्याच प्रमाणात येतात, पण त्यासाठी पेशी आधी सुमारे दोन आठवडे वाढवाव्या लागतात आणि मग डीएमएसओ हे द्रावक घातलेल्या माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) आणखी दोन आठवडे पक्व कराव्या लागतात. महाग आहे आणि धीराचं काम आहे. पैसा नसेल तर हेप-जी२ घ्या, पण तिच्याकडून कोणती उत्तरं मिळणार नाहीत ते आधी लिहून ठेवा.

कातडी. हॅकॅट ही प्रौढ माणसाच्या कातडीतून आपोआप अमर झालेली केराटिनोसाइटची (कातडीच्या वरच्या थरातल्या पेशीची) लाइन. तिची माहिती १९८८ साली प्रसिद्ध झाली. ती कर्करोगाची नाही म्हणून तिला ‘नॉर्मल’ म्हणायची पद्धत आहे, पण तिच्या पी-५३ जनुकात बदल आहेत. त्यामुळे डीएनएच्या नुकसानीचा प्रश्न असेल तर तिच्यावर विसंबू नका. आग, दाह, पेशी मरणं यासाठी ती चांगली. फक्त ती फ्लास्कच्या तळाला सपाट पसरलेली असते, तिच्यावर आपल्या कातडीसारखा मृत पेशींचा जाड थर नसतो. म्हणून हॅकॅटला लगेच मारणारं रसायन खऱ्या कातडीवर तेवढं जहाल असेलच असं नाही.

फुप्फुस. ए-५४९ ही ५८ वर्षांच्या पुरुषाच्या फुप्फुसाच्या गाठीतून १९७२ साली निघालेली लाइन. वायुकोशातल्या एका प्रकारच्या पेशींशी तिचं साम्य आहे. श्वासनळीच्या अस्तराचा प्रश्न असेल तर बीयास-२बी जास्त जवळची. ती विषाणूच्या जनुकांच्या मदतीने अमर केलेली आहे.

मज्जातंतू. एसएच-एसवाय५वाय ही चार वर्षांच्या मुलीच्या न्यूरोब्लास्टोमातून (चेतापेशींच्या कर्करोगातून) आलेल्या लाइनची उपशाखा. रेटिनॉइक आम्ल दिलं की पेशींना लांब शेपट्या फुटतात आणि त्या चेतापेशींसारख्या दिसू लागतात. वाढत्या आणि पक्व पेशींची उत्तरं वेगळी येतात, म्हणून कुठल्या अवस्थेत चाचणी केली ते लिहायला विसरू नका.

मूत्रपिंड. इथं बहुतेक जण फसतात. एचईके-२९३ च्या नावातच मूत्रपिंड आहे. १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथं गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये अ‍ॅडेनोव्हायरसचा डीएनए घालून ती तयार झाली, आणि २९३ हा प्रयोगाचा अनुक्रमांक आहे. पण तिच्यात चेतापेशींसारखे गुण दिसतात आणि मूत्रनलिकेच्या पेशीचं काम ती करत नाही. बाहेरचं जनुक घालून प्रथिन बनवायला ती अप्रतिम आहे, मूत्रपिंडाची विषबाधा तपासायला नाही. त्यासाठी एचके-२ किंवा आरपीटीईसी-टर्ट१ बघा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. आतड्यासाठी कॅको-२, पण तिला पडदा तयार करायला सुमारे २१ दिवस द्यावे लागतात. रोगप्रतिकाराच्या पेशींसाठी टीएचपी-१, जी तरंगती असते आणि जिला ट्रिप्सिन (तळाला चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) लागत नाही. डीएनएच्या नुकसानीसाठी टीके६, जिचा पी-५३ शाबूत आहे. संप्रेरकं कशी तयार होतात हे बघायला अधिवृक्क ग्रंथीची एच२९५आर.

३. रसायन शरीरात गेल्यावर बदलतं का, हे आधी शोधा

माझ्या मते सगळ्या लेखातला महत्त्वाचा भाग हाच, आणि मला तो कुणी सांगितला नव्हता.

आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची दोन नावं घ्या: क्लोरपायरीफॉस आणि मोनोक्रोटोफॉस. दोन्ही ऑर्गनोफॉस्फेट. दोन्हींचं काम एकच, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडणं. पण क्लोरपायरीफॉसच्या रेणूत फॉस्फरसला गंधक जोडलेलं असतं. यकृतातली पी-४५० एन्झाइमं ते गंधक काढून तिथं ऑक्सिजन बसवतात आणि तेव्हा कुठे खरं विष, म्हणजे क्लोरपायरीफॉस ऑक्सॉन, तयार होतं. मोनोक्रोटोफॉसमध्ये तो ऑक्सिजन आधीपासूनच आहे. त्याला यकृताची मदत लागत नाही.

आता ही दोन्ही औषधं एसएच-एसवाय५वायवर टाका. मोनोक्रोटोफॉस लगेच एन्झाइम दाबेल. क्लोरपायरीफॉस तुलनेनं सौम्य वाटेल, कारण त्याला जहाल करणारी एन्झाइमं त्या फ्लास्कमध्ये फारशी नाहीत. ते सौम्य दिसणं पेशीच्या मर्यादेतून आलेलं असतं. तुम्ही प्रबंधात ‘क्लोरपायरीफॉस तुलनेने सुरक्षित’ असं लिहिलंत तर शेतकऱ्याच्या जिवाशी खेळ होईल.

उपाय तीन आहेत. एक, ऑक्सॉन वेगळं विकत घेऊन त्याचीही चाचणी करा. दोन, एस-९ म्हणजे यकृताच्या एन्झाइमांचं मिश्रण माध्यमात घाला. ते पेशींनाही त्रास देतं, म्हणून सहसा तीन ते सहा तासांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. तीन, हेपाआरजीसारखी एन्झाइमं असलेली पेशी वापरा. मी पहिला मार्ग घेतला, कारण तो आमच्या बजेटमध्ये बसला.

दुसरी गोष्ट याहून सोपी आणि याहून जास्त दुर्लक्षित. एन्झाइम बंद पडलं म्हणून फ्लास्कमधली पेशी मरत नाही. माणूस दगावतो कारण त्याच्या चेतापेशी आणि स्नायू यांच्यातला संदेश थांबत नाही, श्वासाचे स्नायू निकामी होतात. एकट्या पेशीला श्वास घ्यायचा नसतो. त्यामुळे नुसती एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी, केली तर ‘९५ टक्के पेशी जिवंत’ असं येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. अशा औषधाला एलमनची पद्धत वापरा: एन्झाइमचं काम ४१२ नॅनोमीटरला रंगावरून मोजता येतं. ती १९६१ पासून चालत आलेली आहे आणि साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते. मात्र आपण माध्यमात घालतो त्या वासराच्या सीरममध्ये (रक्तातल्या पातळ द्रवात) हे एन्झाइम भरपूर असतं. पेशी दोन-तीन वेळा बफरने धुतल्या नाहीत तर तुम्ही वासराचं एन्झाइम मोजत बसाल. माझी पहिली चार वाचनं अशीच वाया गेली.

बाटलीबद्दलही सांगते. दुकानातल्या औषधात मूळ रसायनाबरोबर द्रावक आणि तेल-पाणी एकजीव करणारे पदार्थ असतात, आणि तेही पेशीचं आवरण फाडू शकतात. म्हणून शुद्ध मानक रसायन विकत घ्या. पण दादांच्या पाठीवर सांडतं ते दुकानातलंच मिश्रण, त्यामुळे प्रश्न कातडीचा असेल तर तेही वेगळं तपासा. दोघांचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

४. पेशीची ओळख पटवून घ्या

आता त्या सात महिन्यांबद्दल.

एका प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला प्रेमाने एक फ्लास्क दिला. वर ‘चँग लिव्हर’ लिहिलेलं. मी आनंदाने घेऊन आले, माध्यम बदललं, वाढवलं, तीन औषधांच्या मात्रा तपासल्या. एका परिषदेत पोस्टर लावलं तेव्हा एका परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “ही हेला आहे, माहीत आहे ना?” मला माहीत नव्हतं. त्या ताईंनाही माहीत नव्हतं. त्यांनाही ती कुणीतरी अशीच दिली होती.

हेला ही माणसाची पहिली अमर सेल लाइन. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, या पेशी घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ती गेली. पेशी इतक्या जोमाने वाढतात की पिपेटच्या टोकावरून एखादी जरी दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेली तरी काही आठवड्यांत मूळच्या पेशी हद्दपार होतात. १९६६ साली स्टॅनली गार्टलर यांनी एन्झाइमच्या प्रकारावरून दाखवून दिलं की वेगवेगळ्या अवयवांच्या समजल्या जाणाऱ्या कितीतरी लाइन्स प्रत्यक्षात हेलाच आहेत. तरीही त्या जुन्या नावांनी आजही फिरतात.

ही नावं दिसली की थांबा: चँग लिव्हर, डब्ल्यूआरएल-६८ (यकृताची म्हणून ओळख), आयएनटी-४०७ (आतड्याची म्हणून), एल-१३२ (फुप्फुसाची म्हणून), केबी (तोंडाची म्हणून), हेप-२ (घशाची म्हणून). या सगळ्या हेला आहेत. हेप-२ आणि हेप-जी२ यांच्यात गोंधळ करू नका, दोन्ही अगदी वेगळ्या. तसंच ईसीव्ही-३०४ रक्तवाहिनीच्या अस्तराची म्हणून दिली जाते, पण ती मूत्राशयाच्या कर्करोगाची टी-२४ आहे.

पेशी मागवण्याआधी दोन ठिकाणी नाव तपासा. सेलोसॉरस हा इंटरनेटवरचा मोफत कोश आहे. त्यात प्रत्येक लाइनचा इतिहास, मूळ दाता, गोंधळ असेल तर लाल अक्षरातला इशारा आणि एक कायमचा ओळख क्रमांक मिळतो. आणि आयक्लॅक या आंतरराष्ट्रीय समितीने चुकीच्या ओळखीच्या लाइन्सची यादी ठेवली आहे. दोन्हीला मिळून दहा मिनिटं लागतात.

पेशी हातात आल्यावर एसटीआर प्रोफाइल करून घ्या. गुन्ह्याच्या तपासात डीएनए जुळवतात तीच पद्धत. संदर्भ प्रोफाइलशी ८० टक्के किंवा जास्त जुळलं तर पेशी त्याच दात्याची मानतात. पुणे-मुंबईकडच्या खासगी प्रयोगशाळा ही चाचणी करून देतात. खर्च आधीच विचारून घ्या, आणि तो संशोधन प्रस्तावाच्या बजेटमध्ये पहिल्याच दिवशी घाला. नंतर तो कुणी मंजूर करत नाही.

हेलाबद्दल मनात राग धरू नका. योग्य जागी ती योग्यच आहे: इस्ट्रोजेनसारखं वागणारी रसायनं शोधायच्या ओईसीडीच्या (रसायनांच्या चाचणीच्या पद्धती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) ४५५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत हेलापासूनच बनवलेली एक लाइन वापरतात.

५. कुठून घ्यायची आणि कोणते कागद लागतात

आपल्यासाठी पहिला दरवाजा पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे सगळे ज्याला एनसीसीएस म्हणतात ते. विद्यापीठाच्या आवारात गणेशखिंडीला आहे आणि देशभरातल्या संशोधकांना तिथून सेल लाइन्स मिळतात. तिथं नसलेली लाइन असेल तर अमेरिकेच्या एटीसीसी किंवा युरोपच्या ईसीएसीसीच्या भारतातल्या वितरकांकडून. वेळ आणि पैसा दोन्ही वाढतात.

साधारण हे कागद तयार ठेवा. अर्जाचा नमुना बदलत राहतो, म्हणून केंद्राच्या संकेतस्थळावरचा चालू नमुनाच भरा:

– संस्थेच्या लेटरहेडवर मागणीपत्र, गाइड आणि विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्यासह
– कामाचा अर्ध्या पानाचा सारांश: कोणती पेशी, कशासाठी
– पेशी तिसऱ्याला देणार नाही, व्यापारी कामाला वापरणार नाही, असं हमीपत्र
– संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचं पत्र, विशेषतः पेशीत विषाणूचं किंवा बाहेरून घातलेलं जनुक असेल तर
– रुग्णाकडून थेट ऊती किंवा रक्त घेणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाचं संमतीपत्र. यात पळवाट शोधू नका
– पैसे भरल्याची पावती आणि महाविद्यालयाच्या लेखा विभागाचं मंजुरीपत्र

शेवटच्या कागदाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मार्च अखेरीस पैसे खर्च करायचे म्हणून पेशी मागवल्या जातात आणि त्या येतात एप्रिल-मे महिन्यात. इथं आपला उन्हाळा आडवा येतो. जिवंत पेशींचा फ्लास्क माध्यमाने गळ्यापर्यंत भरून पाठवतात. २०-२५ अंशांवर तो एक-दोन दिवस सहज टिकतो. पण पुण्याहून संभाजीनगरपर्यंत किंवा पुढे नांदेडपर्यंत दुपारच्या गाडीच्या डिकीत ठेवला तर आतलं तापमान ४३ अंशांच्या वर जातं आणि पेशी मरायला लागतात. शक्य असेल तर जुलै ते फेब्रुवारी या काळात मागवा. उन्हाळ्यातच आणायची असेल तर स्वतः जा, रात्रीच्या एसी बसने या, थर्मोकोलचा डबा मांडीवर घ्या. बर्फाची पाकिटं फ्लास्कला चिकटवू नका, मध्ये जाड कापड ठेवा.

६. पेशी आल्यावरचा पहिला महिना

फ्लास्क लगेच बाकीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका. वेगळी जागा, वेगळी माध्यमाची बाटली, आणि दिवसाचं शेवटचं काम म्हणून तिला हात लावा. कारण मायकोप्लाझ्मा. हे अतिशय लहान जीवाणू, त्यांना पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्यांच्यावर चालत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून ते पार होतात. माध्यम गढूळ होत नाही, सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही. पण पेशींची वाढ मंदावते आणि एमटीटीचे आकडे विनाकारण वरखाली होतात. पीसीआर किटने किंवा डीएनएला रंगवणाऱ्या होक्स्ट रंगाने तपासा. आलेल्या दिवशी एकदा आणि मग दर महिन्या-दोन महिन्यांनी. सापडला तर औषधोपचाराच्या मागे न लागता फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) टाका आणि नवीन पेशी आणा, असं माझं ठाम मत आहे.

तपासणी चांगली आली की पेशी लगेच गोठवा. प्रयोग नंतर. पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच (पॅसेज म्हणजे वाढलेल्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटण्याची एक खेप) १० ते १५ कुप्या भरून १० टक्के डीएमएसओमध्ये, मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने थंड करून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. पाच कुप्या मूळ साठा म्हणून बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या कामाच्या. प्रत्येक कामाची कुपी उघडली की ठराविक पॅसेजपर्यंतच वापरा, समजा वीस, आणि मग फेकून नवी उघडा. पन्नासाव्या पॅसेजची हेप-जी२ ही पाचव्या पॅसेजच्या हेप-जी२ सारखी वागेलच असं नाही.

उणे ८० च्या फ्रीझरवर भरवसा ठेवून चालणार नाही. मे महिन्यात वीज जाते, व्होल्टेज पडतं, आणि जनरेटर सुट्टीच्या दिवशी चालू करायला कुणी नसतं. द्रव नायट्रोजनच्या डब्याला वीज लागत नाही, फक्त पातळी मोजून भरावं लागतं. ‘आमच्याकडे नायट्रोजन येत नाही’ असं कुणी म्हटलं तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो तालुक्या-तालुक्यात पोचतो. आम्हाला पुरवठादाराचा पत्ता तिथूनच मिळाला.

७. पहिली खरी चाचणी

औषध टाकण्याआधी पेशी ओळखा. किती तासांत दुप्पट होते ते मोजा. ९६ खणांच्या प्लेटमध्ये किती पेशी टाकल्या तर चाचणीच्या शेवटीही त्या वाढीच्या टप्प्यात राहतात ते बघा. हेप-जी२ गुठळ्या करते, त्या फोडल्या नाहीत तर प्रत्येक खणात वेगळी संख्या पडते.

रसायन विरघळवायला डीएमएसओ लागतं. ते ०.५ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, ०.१ टक्का असेल तर उत्तम, आणि सगळ्या खणांत सारखंच ठेवा. क्लोरपायरीफॉससारखी तेलकट रसायनं प्लास्टिकला आणि सीरममधल्या प्रथिनांना चिकटतात, म्हणून तुम्ही टाकलेली मात्रा आणि पेशीला मिळालेली मात्रा एक नसते. सीरमचं प्रमाण लिहून ठेवा आणि ते मध्येच बदलू नका.

आपल्या हवेचा कोरडेपणा इन्क्युबेटरमध्येही जाणवतो. पाण्याची ट्रे रिकामी राहिली की प्लेटच्या कडेचे खण आटतात आणि तिथं औषधाची मात्रा आपोआप वाढते. कडेच्या ३६ खणांत फक्त बफर घाला, आतल्या ६० खणांत काम करा.

एमटीटी ही जिवंत पेशी मोजायची १९८३ पासूनची पद्धत: पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात आणि तो ५७० नॅनोमीटरला मोजतात. पण वनस्पतींचे अर्क आणि क्षपण करणारी रसायनं पेशी नसतानाही तो रंग जांभळा करतात. म्हणून पेशीविना फक्त औषध आणि एमटीटी असलेले खण हवेतच. जोडीला न्यूट्रल रेड ही वेगळ्या तत्त्वावरची चाचणी करा. दोन्ही जुळल्या तर पुढे जा. प्रत्येक प्लेटवर सोडियम लॉरिल सल्फेटसारखं ओळखीचं विषारी रसायन ठेवा. त्याचा आकडा नेहमीच्या पट्ट्यात आला नाही तर ती प्लेट फेकून द्या, बाकीचे आकडे कितीही छान दिसोत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजवर तीनदा केलेलं काम म्हणजे तीन प्रयोग. एकाच प्लेटवरचे तीन खण हा एकच प्रयोग असतो.

निम्म्या पेशी मारणारी मात्रा मिळाली की तिला लगेच ‘सुरक्षित मर्यादा’ म्हणू नका. फवारणाऱ्याच्या रक्तात किती पोचतं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पेशीकडे नाही.

वापरलेलं माध्यम बेसिनमध्ये ओतायचं नाही. आधी ऑटोक्लेव्ह किंवा हायपोक्लोराइट. मग जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रंगाच्या पिशव्या. कीटकनाशक मिसळलेलं द्रव मात्र ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, वाफेतून तुमच्याच अंगावर येईल. ते रासायनिक कचरा म्हणून वेगळ्या बाटलीत.

८. निष्कर्ष नोंदणीसाठी हवा असेल तर

काम नुसतं प्रबंधापुरतं नसून रसायनाच्या नोंदणीसाठी वापरलं जाणार असेल तर पेशी तुम्ही निवडत नाही, मार्गदर्शिका निवडते. कातडीच्या अ‍ॅलर्जीसाठी ओईसीडी ४४२डी मध्ये हॅकॅटपासून बनवलेली चमकणारी लाइन आणि ४४२ई मध्ये टीएचपी-१ आहे. कातडीच्या दाहासाठी ४३९ मध्ये सपाट पेशी नाहीतच, माणसाच्या केराटिनोसाइट्सपासून रचलेली थरांची कातडी आहे, आणि तिच्यात ५० टक्के किंवा कमी पेशी जिवंत राहिल्या तर रसायन दाहक मानतात. गुणसूत्रांच्या तुकड्यांसाठी ४८७, जनुकबदलासाठी ४९०, दोन्हीत टीके६ चालते. संप्रेरकनिर्मितीसाठी ४५६ मध्ये एच२९५आर. या मार्गदर्शिका ओईसीडीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. अशा कामाला उत्तम प्रयोगशाळा पद्धतीची, म्हणजे जीएलपीची, मान्यता असलेली प्रयोगशाळा लागते. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर-मान्यतेच्या व्यवस्थेत आहे, त्यामुळे इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे आकडे बाहेरही धरले जातात. आपल्या महाविद्यालयाच्या खोलीत ते होणार नाही, पण २०१८ ची जीआयव्हीआयएमपी ही ओईसीडीची पुस्तिका वाचून सवयी मात्र त्याच लावता येतात.

९. वहीत आणि प्रबंधात काय लिहायचं

पेशीचं पूर्ण नाव आणि सेलोसॉरसचा क्रमांक. कुठून, कोणत्या तारखेला घेतली. एसटीआर कधी केलं, किती टक्के जुळलं. मायकोप्लाझ्मा तपासल्याच्या तारखा. प्रयोग कोणत्या पॅसेजवर झाला. माध्यम, सीरमचं प्रमाण आणि लॉट क्रमांक. हे सहा मुद्दे नसलेला शोधनिबंध मी आता संदर्भ म्हणून घेत नाही.

मी ते सात महिने प्रबंधातून काढून टाकले नाहीत. गाइड मॅडमनी सांगितलं, एक परिशिष्ट कर आणि काय झालं ते सरळ लिही. तोंडी परीक्षेत त्याच पानांवर सगळ्यात जास्त प्रश्न आले.

आता जवळच्या महाविद्यालयांतली मुलं-मुली माझ्याकडे फ्लास्क मागायला येतात. हमीपत्रावर सही केलेली असल्यामुळे मी पेशी देत नाही. अर्जाचा नमुना काढते, त्यांच्या शेजारी बसते, आणि पहिल्या रकान्यापासून आम्ही दोघं मिळून तो भरतो.